बोर्ड कापण्याआधी कागदाचे सांधे मांडा
(कमी जागेत नॅरोगेज मॉडेल रेल्वेचा लेआउट करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

“सुताराकडून चार बाय दोन फुटांचा बोर्ड कापून आणलाय, आता यात काय बसतं ते सांगा.” दुकानात येणारे निम्मे लोक हेच म्हणत येतात. सोबत वहीच्या पानावर पेन्सिलने काढलेला नकाशा असतो: अंडाकृती मार्ग, क्रॉसिंगचं स्टेशन, दोन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), वरून जाणारा पूल. नकाशा देखणा असतो, पण त्यावर रूळ टाकता येत नाहीत. म्हणून हे पत्रक.

गेजचं, म्हणजे रुळाच्या रुंदीचं, आधी उरकून घेऊ. इतवारीहून छिंदवाडा आणि नागभीडला जाणारी आपली छोटी लाइन ७६२ मिलिमीटरची होती. एचओ मॉडेलांच्या १:८७ या प्रमाणात ती पावणेनऊ मिमी होते, म्हणून ९ मिमीचा रूळ तिला चपखल बसतो. हाच एचओई, म्हणजे एचओ प्रमाणातली नॅरोगेज. एन-गेज या आणखी लहान प्रमाणातल्या मॉडेलांचा रूळही ९ मिमीच असतो, पण त्याचे स्लीपर बारीक आणि दाट, त्यामुळे डबा वर ठेवला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. स्वस्त पडतो म्हणून घ्यायचा असेल तर स्लीपर गिट्टीत बुडवा. साध्या एचओ गाडीला वळायला साधारण ३६० मिमी त्रिज्या लागते, म्हणजे चार बाय दोनच्या बोर्डावर ती वळणारच नाही. एचओईचं काम २३० मिमीत भागतं.

आता मुख्य गोष्ट. वहीत सांधा, म्हणजे एका रुळातून दुसरा रूळ फुटतो तो तुकडा, काढताना आपण एक तिरपी रेघ ओढतो आणि ती एका चौकटीत बसते. खरा सांधा साधारण १२५ मिमी लांब असतो. शिवाय दोन रुळांवरच्या गाड्या एकमेकींना घासणार नाहीत इतकं अंतर सुटेपर्यंत, म्हणजे फाउलिंग मार्कपर्यंत, आणखी ४५ मिमी जातात. नकाशात हे कुणीच धरत नाही.

हिशेब करून बघा. बोर्डाची लांबी १२२० मिमी. प्रत्येक टोकाला वळणाचे २३० आणि कडेपासून सोडलेले ४०, असे २७० मिमी गेले. सरळ भाग उरला ६८०. लूपच्या, म्हणजे स्टेशनात गाडी उभी राहते त्या बाजूच्या रुळाच्या, दोन टोकांच्या दोन सांध्यांचे २५० काढले की ४३०, फाउलिंगचे ९० काढले की ३४०. डबा १३० मिमीचा आणि इंजिन १२० मिमीचं धरलं, तर इंजिनासकट उभी राहील अशी गाडी एका डब्याची. इंजिन सोडवून फिरवून घ्यायचं असेल तर दोन डबे. नकाशात मात्र सहा डबे असतात, आणि ‘बसवा ना कसेतरी’ असा आग्रहही.

कसेतरी बसवता येत नाही, पण मार्ग आहेत. सांधा सरळ भागात न घेता कोपऱ्यात घ्या, म्हणजे त्याची वळणारी बाजू हीच वळणाचा भाग होते आणि लूप तेवढी लांबते. किंवा अंडाकृतीचा हट्ट सोडा. भिंतीलगत सात फूट बाय एक फुटाची फळी ठेवून एका टोकाला स्टेशन केलंत, तर शंटिंगची, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याची, गंमत कितीतरी जास्त येते. टोकाचा सांधा काढून तिथे हाताने सरकवायची फळी बसवली तर आणखी जागा सुटते. ती आम्ही मापाने करून देतो.

पुलाबद्दलही दर आठवड्याला विचारणा असते. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर किमान ५५ मिमी चढावं लागतं. ३० ला १ चा चढ घेतला तरी वर जायला १६५० मिमी आणि उतरायला तेवढेच, म्हणजे ३३०० मिमी झाले. आपण हिशेब केला त्या अंडाकृतीचा अख्खा फेरा २८०० मिमीच्या आसपास भरतो. त्यापेक्षा रूळ सपाट ठेवा आणि प्लाय कापून खाली नाला काढा. पूल होतो, चढ लागत नाही.

म्हणून आमचा नियम: काउंटरवरून सांध्यांचे कागदी नमुने न्या, ते फुकट आहेत. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून खऱ्या मापात मांडा आणि सगळ्यात लांब डबा हातात घेऊन रुळांवरून फिरवून बघा. व्हॉट्सअॅपवर मागवून घरी छापणार असाल तर प्रत्येक नमुन्यावरची १०० मिमीची रेघ पट्टीने मोजा. प्रिंटर पानात मावावं म्हणून माप गुपचूप कमी करतो, आणि ९६ मिमीच्या रेघेवर बेतलेला लेआउट पुढे आमच्या गळ्यात येतो.

मांडणीचा फोटो दाखवल्याशिवाय आम्ही सांध्यांची ऑर्डर घेत नाही, यावर काही जण नाराज होतात. पण सांधे परदेशातून येतात आणि एकदा रूळ कापला की परत घेता येत नाहीत. पैसे तुमचेच अडकतात. नकाशा आमच्याकडून काढून घेतलात तर त्याचं शुल्क रुळांच्या बिलातून वळतं करतो.

लाकडाचं. एमडीएफ नको. १२ मिमीचा चांगला प्लाय, खाली दोन बाय एक इंचाची चौकट, आणि रंग किंवा सीलर दोन्ही बाजूंना. खालची बाजू कोरी ठेवली की कूलरच्या खोलीत बोर्ड दोन महिन्यांत वाकतो. एप्रिल-मे भर कूलर चालवायचा आणि मग ‘सांध्यावर गाडी घसरते’ म्हणून यायचं, हे नागपुरात ठरलेलंच. रूळ डिसेंबरात टाकत असाल तर जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडा. तीस अंशांच्या फरकाने मीटरभर रूळ अर्धा मिमी वाढतो. मेमध्ये टाकत असाल तर फट नको.

इंजिनांचं विचाराल तर झेडडीएम-४ या नॅरोगेज डिझेल इंजिनाची बॉडी आम्ही थ्री-डी छपाईत काढून जपानी एन-गेज चेसिसवर बसवतो, ऑर्डर दिल्यावरच. रंग कोणता हे ठरत नसेल तर आधी मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात एक चक्कर मारून या. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ ला थांबली, नागभीडची २०१९ ला. आता खऱ्या गाड्या जवळून बघायच्या तर तिथेच.

येताना जागेची मापं मिलिमीटरमध्ये आणा, दार कोणत्या बाजूला उघडतं ते लिहा आणि सगळ्यात लांब डबा सोबत घ्या. दिवाणाखाली सरकवायचा बोर्ड असेल तर दिवाणाखालची उंचीसुद्धा, झाडांसकट मावेल अशी.