घरातला मानसिक रुग्ण हिंसक झाला तर: पोलिसांना काय सांगायचं, कोणते कागद लागतात, आणि बळाचा वापर झाला तर तक्रार कुठे करायची

११२ ला फोन लागतो तेव्हा घरातलं माणूस घाबरलेलं असतं. तोंडून निघतं ते एवढंच: ‘मुलगा कोयता घेऊन मारायला उठलाय, लवकर या.’ पोलिसांच्या लेखी हा हत्यारबंद आरोपीचा कॉल होतो आणि ते त्याच तयारीने येतात. कोणीतरी आपल्या जिवावर उठलंय असं ज्याला आधीच वाटतंय, त्या रुग्णाला दारात लाठ्या दिसतात आणि दरडावणं ऐकू येतं. तो आणखी बिथरतो. पुढे काय होईल ते मग कोणाच्याच हातात राहत नाही.

म्हणून फोनवरचं पहिलं वाक्य हे असू द्या: ‘माझ्या मुलाला मानसिक आजार आहे, उपचार चालू आहेत, त्याला दवाखान्यात न्यायला पोलिसांची मदत हवी आहे.’ मग हातात काय आहे, घरात आणखी कोण आहे, तो कोणाचं थोडंफार ऐकतो, हे सांगा. हत्याराची गोष्ट लपवू नका. आल्यावर अचानक सुरी दिसली तर पोलीसही घाबरतात, आणि घाबरलेला पोलीस जास्त धोकादायक. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला वेगळा फोन करा. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फोनवरून सल्ला मिळतो, पण जिवावर बेतलं असेल तेव्हा आधी ११२.

आता कायदा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. ‘संरक्षणात घेणं’ म्हणजे अटक नव्हे. त्यासाठी गुन्हा घडावा लागत नाही, एफआयआर लागत नाही. का नेतोय ते रुग्णाला सांगावं लागतं. तो समजण्याच्या अवस्थेत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला.

इथेच पहिली अडचण येते. ठाण्यात गेलेल्या आईला सांगतात, ‘कोर्टाची ऑर्डर आणा, मग बघू.’ हे १९८७ च्या जुन्या कायद्यातलं आहे. तो कायदा रद्द होऊन इतकी वर्षं झाली, तरी ठाण्यातली सवय गेलेली नाही, आणि त्यापायी माणसं वकिलाच्या दारात पैसे घालवतात. संतापच येतो. कलम १०० साठी कोर्टाचा आदेश लागत नाही. मॅजिस्ट्रेटचा संबंध कलम १०१ आणि १०२ मध्ये येतो: रुग्णाचा छळ किंवा हेळसांड होत असेल तर पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला कळवायचं, आणि मॅजिस्ट्रेट त्याला तपासणीसाठी जास्तीत जास्त १० दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात. तो प्रसंग वेगळा.

ठाण्यात तोंडी भांडू नका, अर्ज द्या. साध्या कागदावर चालतो. मजकूर साधारण असा ठेवा: ‘माझा भाऊ (नाव, वय) यास मानसिक आजार असून दि. अमुक रोजी सायंकाळी त्याने आईच्या अंगावर कोयता उगारला. त्याच्यापासून त्याला स्वतःला व इतरांना धोका आहे. तरी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० अन्वये त्यास संरक्षणात घेऊन नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे, ही विनंती.’ ‘फार त्रास देतो’ असलं मोघम लिहिलेले अर्ज बाजूला पडतात. तारीख, वेळ आणि नेमकं काय केलं ते लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. ठाणे डायरीत नोंद केली का, तेही विचारा.

सर्वांत चुकीचा वाचला जाणारा आकडा म्हणजे २४ तास. कायदा म्हणतो, शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत रुग्णाला सरकारी दवाखान्यात न्यायचं. काही ठाण्यांत याचा अर्थ ‘एक दिवस इथे बसवून ठेवायची मुभा’ असा घेतला जातो. आणि दमलेले नातेवाईकही म्हणून जातात, ‘साहेब, एक रात्र आत टाका, शांत होईल.’ असं कधीही म्हणू नका. प्रतिबंधात्मक कारवाई दाखवून कोठडीत टाकण्याचा सोपा रस्ता तुम्हीच मोकळा करून देता. कलम १०० च्या पोटकलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की संरक्षणात घेतलेल्या व्यक्तीला कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येणार नाही. कोठडीत त्याच्या गोळ्या चुकतात, शेजारी सराईत गुन्हेगार असतात, आणि मारहाणीची शक्यता तिथेच सर्वांत जास्त.

दुसरा गोंधळ ‘जवळचा दवाखाना’ कोणता याचा. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालयच गाठलं पाहिजे असं नाही. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, जे सरकारी आणि जवळचं ते चालतं. ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही’ म्हणून डॉक्टरांनी परत पाठवायचं नसतं. तपासणीची व्यवस्था करणं ही तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. हाच कायदा गोव्यातही लागू आहे.

पोलिसांच्या गाडीबरोबर घरातलं कोणीतरी गेलंच पाहिजे. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण सगळं फिसकटतं ते इथे. तपासणीत डॉक्टरांना दाखल करण्याइतका आजार दिसला नाही तर पोलिसांनी रुग्णाला घरी आणून सोडायचं, असं कायदाच सांगतो. घरी काय घडलं ते सांगणारं कोणी नसेल आणि इंजेक्शनमुळे तो तासाभरात शांत बसला असेल, तर डॉक्टरांना दिसणार काय? तातडीचा उपचार कलम ९४ नुसार ७२ तासांपर्यंतच देता येतो. त्यापुढे रुग्णाच्या संमतीशिवाय ठेवायचं तर कलम ८९ खाली दाखल करावं लागतं, आणि त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. दोन तज्ज्ञ, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णाला स्वतंत्रपणे तपासतात. ही मुदत ३० दिवसांपर्यंत. २४ तास, ७२ तास, ३० दिवस हे तीन वेगळे टप्पे आहेत; एकाची मुदत दुसऱ्याला लावून भांडू नका.

नामनिर्देशित प्रतिनिधीचा कागद जवळपास कोणाकडेच नसतो. करायला मात्र सोपा: साध्या कागदावर रुग्णाने स्वतः ‘अमुक व्यक्ती माझी प्रतिनिधी’ असं लिहून सही किंवा अंगठा द्यायचा आणि त्या व्यक्तीने लेखी संमती द्यायची. स्टँपपेपर लागत नाही. कागद नसला तरी नातेवाईकाला प्रतिनिधी धरता येतं, त्यामुळे ‘कागद नाही, दाखल करणार नाही’ हे उत्तर चुकीचं आहे. पण बायको म्हणते दाखल करा, भाऊ म्हणतो करू नका, अशा वेळी त्या एका कागदाने वाद मिटतो. रुग्ण बरा असताना, शांतपणे बसून, त्याच्या मर्जीने तो करून घ्या. आपल्याशी कोणी बोलावं, कोणी हात लावू नये, हेही त्याच वेळी त्याला विचारा. शुभंकरांच्या (मानसिक रुग्णांना सांभाळणाऱ्या नातेवाईकांच्या) बैठकीतल्या ज्यांनी हे आधी विचारून ठेवलंय, त्यांच्या घरी पोलीस आले तरी प्रसंग बऱ्याचदा बोलण्यावर निभावतो.

बाकी कागद नेहमीचे: दोघांची ओळखपत्रं, जुनं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, रुग्णाचा फोटो. सगळे एका पिशवीत, दाराजवळ. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मोफत आहेत, बीपीएल कार्ड हातात नसलं तरी.

आता लाठी आणि पिस्तुलाचा प्रश्न. मानसिक आरोग्याच्या कायद्यात पोलिसांच्या हत्यारांबद्दल वेगळा नियम नाही. लागू होतो तो सर्वसाधारण कायदा. रुग्णाने केलेलं कृत्य आजारामुळे गुन्हा ठरणार नसलं, तरी त्याच्यापासून स्वसंरक्षण करण्याचा हक्क समोरच्याला असतो, असं भारतीय न्याय संहितेचं कलम ३६ सांगतं. कोयता घेऊन तो अंगावर धावला तर पोलिसाला बळ वापरता येतं, हे घरच्यांनी समजून असावं. पण कलम ३७ ची मर्यादा आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. खोलीत कडी लावून एकटा बसलेल्या, हातातलं टाकून दिलेल्या किंवा आधीच धरलेल्या माणसावर लाठी चालवणं यात बसत नाही. साखळीने बांधायला कलम ९५ ची मनाई आहे.

पोलीस आले की जिन्यातच गाठा आणि विनंती करा: एकानेच बोलावं, बाकीच्यांनी मागे थांबावं, गर्दी हटवावी, त्याला बाहेर यायला वेळ द्यावा. विळी, सुऱ्या, रॉकेल आधीच हलवलेलं असलं तर तेही सांगा. ‘दोन फटके द्या, म्हणजे वठणीवर येईल’ हे वाक्य शेजाऱ्यांनाही उच्चारू देऊ नका. पोलीस ते ऐकतात.

तरीही मारहाण झालीच तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि इजा कशाने झाली ते केसपेपरवर लिहून घ्या. ‘पडून लागलं’ असं एकदा नोंदलं गेलं की पुढे ते पुसता येत नाही. ठाण्यात मारलं असेल तर सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं म्हणून लगेच लेखी अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ठाण्यांना १८ महिन्यांचं, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्षाचं चित्रण ठेवायला सांगितलं आहे. माहिती अधिकारातही मागा. रुग्णाला मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

तक्रार पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे करता येते. आयोगाकडे शुल्क नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र घटनेपासून एक वर्ष. खात्याची चौकशी संपल्यावर वर्ष मोजायला सुरुवात होते असं समजून थांबलेल्यांच्या तक्रारी फेटाळल्या जातात. तेच प्रकरण राष्ट्रीय आयोगाकडे चालू असेल तर राज्य आयोग ते घेत नाही, म्हणून एकाच वेळी दोन्हीकडे अर्ज टाकू नका.

ताब्यात असताना मृत्यू झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हावी लागते, नातेवाईकांना कळवावं लागतं आणि चौकशीला हजर राहू द्यावं लागतं. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला असेल तर २०१४ चा पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल वकिलाला दाखवा. एफआयआर नोंदवून तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, असं त्यात बजावलं आहे. चकमकीत गंभीर इजा झाली तरी हे नियम लागू आहेत. ते पाळले नाहीत, तर घटनेच्या जागेवर ज्यांचं अधिकारक्षेत्र आहे त्या सत्र न्यायाधीशांकडे कुटुंबाला थेट तक्रार करता येते.