टूल-वर्णन

टूल-वर्णन : एआय एजंटला एखादे सॉफ्टवेअर टूल स्वतःहून आणि बिनचूक वापरता यावे म्हणून त्या टूलसोबत दिलेला मजकूर. टूलचे नाव, ते काय करते, केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये, कोणती माहिती कोणत्या एककात द्यावी, उत्तर कसे येते आणि काय बिघडू शकते, हे सगळे त्यात येते. भाषिक मॉडेलच्या आधारे दिलेले काम पायरीपायरीने पार पाडणारा प्रोग्रॅम म्हणजे एजंट. टूलच्या आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. त्याच्यापुरते हे वर्णन म्हणजेच टूल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याने काम पाहिले आहे त्याला यातली अडचण चटकन कळेल. फौंड्रीत आलेल्या ड्रॉइंगवर एखादे माप राहून गेले, तर फोरमन पार्टीला फोन लावतो आणि विचारून घेतो. एजंट असा फोन क्वचितच करतो. राहिलेली जागा तो अंदाजाने भरतो, आणि चुकलेला अंदाजही बरोबर उत्तराच्याच ठाम भाषेत सांगतो. माणसांसाठी लिहिलेल्या मॅन्युअलमधल्या ज्या गाळलेल्या जागा वाचणारा अनुभवाने भरून काढतो, त्या इथे म्हणूनच महागात पडतात.

सॉफ्टवेअरचे वर्णन लिहून ठेवण्याची रीत जुनी आहे; युनिक्स या संगणकप्रणालीच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती १९७१ सालची. वेब-सेवांचे वर्णन यंत्राला वाचता येईल अशा साच्यात मांडण्याची पद्धत पुढे स्वॅगर आणि ओपनएपीआय या मानकांनी रुळवली. जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या मॉडेलांना फंक्शन कॉलिंगची, म्हणजे बाहेरच्या टूलला काम सांगण्याची, सोय दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने एआयला टूले जोडण्याची सामायिक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी, खुली केली. एमसीपीत प्रत्येक टूलला नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि जेसन स्कीमा या ठरलेल्या साच्यात मांडलेली आदानांची, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीची, रचना असते. रचना बरोबर असली की काम झाले असे पुष्कळांना वाटते. चुका मात्र बहुतेक साध्या भाषेतल्या त्या दोन-चार ओळींत होतात.

एकक नीट न लिहिल्याने काय होते ते पंचगंगेच्या पाण्यावरून पाहता येते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. पावसाळ्यात पातळी फूट-इंचांत सांगायची रीत आहे. समजा, नोंद करणाऱ्याने ३९ फूट १० इंच हे ‘३९.१०’ असे लिहिले. कोल्हापूरकराला त्यात काही खटकणार नाही. पण टूलने हीच संख्या दशांश म्हणून पुढे पाठवली, तर प्रोग्रॅमच्या हिशेबी ३९.१० ही ३९.९ पेक्षा लहान. तासापूर्वी ३९ फूट ९ इंच असलेले पाणी इंचभर चढलेले असते, आणि एजंट सांगतो की पाणी उतरू लागले. गोठ्यातली जनावरे हलवायची की नाही हे ठरवत बसलेल्या चिखली-आंबेवाडीच्या माणसापर्यंत असे उत्तर जाता कामा नये.

यावर उपाय सोपा आहे. फूट आणि इंच हे दोन वेगळे पूर्णांक द्यावेत, किंवा सगळी पातळी इंचांतच द्यावी. धोका पातळी मग ५१६ इंच होते. वर्णनात लिहावे : ‘राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याची उंची, एकूण इंचांत, मोजल्याच्या वेळेसह. धरणातील साठ्यासाठी हे टूल वापरू नये.’ शेवटचे वाक्य लिहायचे बऱ्याचदा राहून जाते. ते नसले, तर ‘राधानगरी किती भरलं?’ या प्रश्नालाही एजंट याच टूलकडे वळू शकतो, कारण पातळी हा शब्द दोन्हीकडे चालतो. धरणाचा साठा टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. त्यांची टूले वेगळी असली पाहिजेत आणि नावांतच तो फरक दिसला पाहिजे.

नावांचा घोळही असाच होतो. कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आहेत, पण कोल्हापूर नावाचा तालुका त्यांत नाही. शहर करवीर तालुक्यात येते. भुदरगडचे मुख्यालय गारगोटी. हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही, एजंटला सांगावे लागते. समजा, तालुक्यातला पाऊस सांगणारे टूल आहे. त्यात तालुक्याच्या जागी कुठलाही मजकूर चालेल अशी रचना ठेवण्यापेक्षा बाराही नावांची ठरलेली यादी स्कीमातच द्यावी. कोणी ‘कोल्हापूर’ पाठवलेच, तर रिकामे उत्तर परत करू नये. रिकाम्या उत्तराचा अर्थ एजंट ‘पाऊस पडला नाही’ असा लावू शकतो. ‘या नावाचा तालुका नाही, शहरासाठी करवीर द्या’ असा त्रुटी-संदेश मिळाला, तर एजंट पुढच्याच पायरीला सावरतो. त्रुटी-संदेश हा वर्णनाचाच भाग मानला पाहिजे, आणि एजंट अडतो नेमक्या त्याच क्षणी तो त्याच्या वाचनात येत असल्याने कदाचित सर्वांत उपयोगी भाग.

टूल नुसते वाचते की काही बदलते, हेही स्पष्ट लिहावे लागते. मार्केट यार्डातले गुळाचे दर दाखवणारे टूल दहा वेळा चालवले तरी बिघडत नाही; सौद्याची नोंद करणारे टूल उत्तर यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्यांदा चालवले, तर गुळाचे तेच रवे दोनदा विकले जातात. एमसीपीत अशा गोष्टी सुचवणाऱ्या खुणांची सोय आहे. त्या खुणा म्हणजे हमी नव्हे. परक्याने दिलेल्या वर्णनात एजंटला भलतीकडे नेणाऱ्या सूचनाही दडवलेल्या असू शकतात. म्हणून पैशाचा किंवा पुसून टाकण्याचा व्यवहार माणसाच्या संमतीवाचून होऊ देऊ नये.

वर्णन किती लांब असावे याला ठाम नियम नाही. प्रत्येक टूलचे वर्णन मॉडेलच्या मर्यादित संदर्भ-खिडकीत, म्हणजे ते एका वेळी वाचू शकते तेवढ्या मजकुरात, जागा घेते, आणि अनेक मॉडेलांत देवनागरी मजकुराला रोमनपेक्षा अधिक टोकन, म्हणजे मॉडेल मजकुराचे करते ते तुकडे, लागतात. टूलची महती गाणारी वाक्ये आधी काढावीत. एकके, अपवाद आणि एखादे भरलेले उदाहरण काढू नये.

वर्णन जमले की नाही हे वापरून पाहिल्यावरच कळते. त्यासाठी प्रश्न लोक विचारतात तसेच घ्यावेत : ‘पाणी किती आलंय?’, ‘धोक्याला अजून किती हाय?’, ‘गारगोटीला काल पाऊस झाला काय?’ एजंटने कोणते टूल निवडले आणि त्यात काय भरले हे प्रत्येक वेळी पाहावे. तिसऱ्या प्रश्नाला त्याने तालुक्याच्या जागी भुदरगड लिहिले नाही, तर आधी वर्णनाची ओळ दुरुस्त करावी आणि तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.