टी ट्री तेल (मुरुमांवरील उपचार)

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर किनारपट्टीवर, पाणथळ जागी वाढणाऱ्या ‘मेलाल्यूका आल्टर्निफोलिया’ या झाडाची पाने व कोवळ्या डहाळ्या यांतून वाफेच्या साहाय्याने काढलेल्या बाष्पनशील तेलास टी ट्री तेल म्हणतात. नावात ‘टी’ असले तरी या झाडाचा चहाशी संबंध नाही. ते जांभूळ, पेरू व लवंग यांच्या कुळातील आहे. त्या प्रदेशातील मूळचे बुंजालुंग लोक या झाडाचा पाला जखमांवर वापरीत असत. आर्थर पेनफोल्ड या रसायनशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तेलाचे जंतुनाशक गुण अभ्यासल्यावर त्याचा व्यापारी प्रसार झाला.

मुरुमांमध्ये ‘क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस’ या जिवाणूचा वाटा असतो. तो निरोगी त्वचेवरही राहतो. मात्र तेलग्रंथींचा जास्त स्राव व बुजलेली रंध्रे यांची जोड मिळाली की दाह वाढतो. एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके दीर्घकाळ वापरल्याने या जिवाणूचे प्रतिरोधक प्रकार अनेक देशांत आढळू लागले, आणि पर्यायांचा शोध महत्त्वाचा ठरला. टी ट्री तेलातील टर्पिनेन-४-ऑल हा मुख्य घटक जिवाणूच्या पेशीपटलाची घडण बिघडवतो, त्यामुळे पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात.

वनस्पतिजन्य उपायांपैकी फार थोड्यांची रुग्णांवर रीतसर पारख झाली आहे, म्हणूनच या तेलाची नोंद वेगळी घ्यावी लागते. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या, १२४ रुग्णांवरील चाचणीत ५ टक्के टी ट्री तेलाच्या जेलची तुलना ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवर लावण्याच्या प्रचलित औषधाशी करण्यात आली. दोहोंनी मुरूम कमी झाले. तेलाचा परिणाम उशिरा दिसला, पण कोरडेपणा, आग असे दुष्परिणाम तेल वापरणाऱ्यांत तुलनेने कमी आढळले. पुढे इराणमधील ६० रुग्णांवरील चाचणीतही ४५ दिवसांत ५ टक्के जेल औषधविरहित जेलपेक्षा सरस ठरले. या चाचण्या लहान होत्या आणि त्यांतील रुग्णांचे मुरूम सौम्य ते मध्यम होते, त्यामुळे खोल गाठी व व्रण पाडणाऱ्या मुरुमांना हा निष्कर्ष लावता येत नाही. शिवाय बेंझॉइल पेरॉक्साइड हे प्रतिजैविक नसून त्याला प्रतिरोध निर्माण होत नाही, ही गोष्ट ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या मोहात सहसा विसरली जाते.

महाराष्ट्रात घरोघरी वापरले जाणारे कडुनिंब, हळद आणि दुधात उगाळलेले जायफळ यांच्या बाजूने परंपरा भक्कम असली, तरी मुरुमांबाबत अशा नियंत्रित चाचण्यांचा आधार त्यांना तुलनेने कमी आहे.

हे तेल निव्वळ स्वरूपात चेहऱ्यावर लावू नये. हवा व प्रकाश लागून जुने झालेले तेल ऑक्सिडीकरणामुळे त्वचेची अ‍ॅलर्जी अधिक प्रमाणात निर्माण करते, म्हणून ते गडद काचेच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवतात. पोटात गेल्यास ते विषारी असते. लहान मुलांत गुंगी व तोल जाणे ही लक्षणे आढळली आहेत.