एकच गंधार का ओरडतो?

आमच्या घरच्या डिजिटल पियानोवरची मधल्या सप्तकातली पांढरी तीन, म्हणजे आमचा गंधार, या पावसाळ्यात अचानक ओरडायला लागली. शेजारच्या पट्ट्या हलक्या हातानं वाजवल्या की हलक्याच वाजायच्या. ही मात्र कितीही जपून दाबली तरी खणकन उठायची. भाचीचा सराव त्या एका सुराशी येऊन अडायचा. "मावशी, मी जोरात नाही गं मारत," ती काकुळतीनं सांगायची. आणि ते खरंच होतं.

पेटी वाजवणाऱ्या घरात हा प्रश्न कधी आला नसता. पेटीत पट्टी फक्त हवेची वाट उघडते, आवाज लहानमोठा करतो तो भाता. पियानोत मात्र सगळं बोटावर असतं. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं 1700 च्या सुमाराला तारेवर हातोडी आपटणारं वाद्य घडवलं, आणि हळू व जोरात अशा दोन्ही तऱ्हांनी वाजतं म्हणूनच त्याला पियानोफोर्ते हे नाव पडलं.

डिजिटल पियानोत तारा नाहीत. मग बोटाचा जोर त्याला कळतो कसा? गंमत अशी, की बहुतेक पियानो जोर मोजतच नाहीत. ते वेळ मोजतात. पट्टीखाली रबराची घुमटी असते, तिच्या आत कार्बनच्या दोन काळ्या टिकल्या कमीजास्त उंचीवर. पट्टी खाली जाताना आधी एक टिकली सर्किटला टेकते, मग दुसरी. (काही मॉडेलांत तिसरीही असते, तिच्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच सूर पुन्हा वाजवता येतो.) दोन टेकण्यांमधला काळ जितका कमी, तितका आघात जोरदार, असं पियानो धरून चालतो. त्यातून 1 ते 127 मधला एक आकडा निघतो. वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची मिडी ही पद्धत 1983 मध्ये आली, तिच्यातला हा आकडा. शून्य म्हणजे पट्टी सुटली.

हा आकडा नुसता आवाज वाढवत नाही, आणि मला यातलं सगळ्यात देखणं काम हेच वाटतं. खऱ्या पियानोत हातोडीवरचा नमदा जोरात आपटला की दबून कडक होतो आणि तारेतून वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले बारीक उंच सूर, जास्त निघतात. सूर मोठा होतो तसा उजळतोही. म्हणून मोठ्या पियानोचा एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा अनेकदा ध्वनिमुद्रित करतात, आणि तो आकडा पाहून पियानो त्यातलं योग्य मुद्रण निवडतो.

आता आमच्या गंधाराचं बघा. पहिल्या टिकलीखाली धूळ आणि दमटपणाचा थर बसला होता. तिचा संपर्क व्हायला जास्त दाब लागत होता, म्हणजे उशीर होत होता. दुसरी टिकली मात्र वेळेवर टेकत होती. दोघींमधलं अंतर आकसलं आणि पियानोला प्रत्येक हळवा स्पर्श तडाखा वाटू लागला. दुसऱ्या टिकलीखाली घाण असती, तर सूर कधी वाजला असता, कधी नाही.

हे ताडून पाहणं सोपं आहे. पियानो संगणकाला जोडून मिडीचे आकडे बघायचे. सारख्या हातानं वाजवूनही शेजाऱ्यांचे पन्नास-साठ आणि एकीचेच सव्वाशेच्या घरात येत असतील, तर दोष त्या संपर्कात. मात्र सगळ्याच पट्ट्या एकाच आवाजात वाजत असतील, तर आधी टच सेन्सिटिव्हिटी (बोटाच्या जोरानुसार आवाज बदलण्याची सोय) बंद आहे का ते पाहा. वॉरंटी असेल तर पियानो उघडू नका. आमची संपली होती. दुरुस्तीवाल्या दादांनी रबराची पट्टी काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं संपर्क हळुवार पुसले, पूर्ण वाळू दिले. गंधार शांत झाला.

बऱ्याच तक्रारींत बिघाड नसतोच. पेडल उलटं चालतंय, पाय उचलला की सूर लांबतोय? अनेक पियानो सुरू होताना पेडल ज्या स्थितीत सापडेल तिलाच 'न दाबलेलं' समजतात. बंद करा, पाय बाजूला ठेवा, मग सुरू करा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये सूर बोटामागून येतोय? 150 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सुमारे 50 मीटरवरचा पियानो ऐकण्यासारखं. साधा वायरचा हेडफोन घ्या. गाणाऱ्याच्या पट्टीशी जमत नसेल, तर कुणीतरी ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवण्याची सोय) तसाच ठेवून गेलं असेल.

गंधार सुधारल्यावर भाचीनं नवी तक्रार आणली: अगदी वरच्या पट्ट्या सोडल्या तरी सूर थांबत नाहीत. तो बिघाड नव्हे, मूळ वाद्याशी राखलेला प्रामाणिकपणा आहे. खऱ्या पियानोत पट्टी सोडली की नमद्याचा डॅम्पर तारेवर बसून तिला गप्प करतो. पण वरच्या सुमारे दीड सप्तकाच्या तारा इतक्या आखूड असतात, की त्यांचा आवाज आपोआप लवकर विरतो. तिथे डॅम्पर बसवतच नाहीत. पेडलला पाय न लावता मधल्या सप्तकापासून वर एकेक पट्टी चटकन टोचत जा. सूर टपकन तुटणं जिथे थांबतं, तिथे डॅम्पर संपले.