जाळी नेमकी कोणासाठी? घरगुती एअर फिल्टरच्या निवडीमागची पार्श्वभूमी

नागपुरात होळी आटोपली की खिडक्यांना कूलर लागतात आणि त्याच सुमारास एसीच्या सर्व्हिसिंगसाठी कारागिरांना फोन जाऊ लागतात. ‘थंडावा येत नाही, गॅस संपला असेल’ ही त्यातली नेहमीची तक्रार असते. समोरचे झाकण उघडल्यावर गॅस शाबूत असून जाळीवर वर्षभराची धूळ बसलेली आहे, असे पुष्कळदा निघते. गेल्या काही उन्हाळ्यांत या तक्रारीला एक नवा प्रश्न येऊन चिकटला आहे. मूळ जाळीवर ‘पीएम २.५’ (हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असे छापलेली बारीक पट्टी बसवावी की नाही, याबद्दल दुकानदार, कारागीर आणि ग्राहक या तिघांची मते तीन दिशांना असतात. हा मतभेद समजून घ्यायचा तर फिल्टर मुळात कोणासाठी बनवला गेला हे पाहावे लागते, कारण तो माणसाच्या फुप्फुसांसाठी बनवला गेलेला नव्हता.

यांत्रिक वातानुकूलनाचा आरंभ १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात झाला, आणि तिथला प्रश्न हवेतल्या ओलाव्यामुळे कागद आक्रसण्या-फुगण्याचा होता. घरगुती फिल्टरचा धागा मात्र गरम हवेच्या भट्टीकडे जातो. १९३०च्या दशकात अमेरिकेतील घरांच्या तळघरात पंख्याने हवा ढकलणाऱ्या भट्ट्या आल्या, आणि पंख्याच्या पात्यांवर व उष्णता देणाऱ्या पत्र्यांवर धूळ साचू नये म्हणून हवा आत जाण्याच्या वाटेवर फायबरग्लासची, इंचभर जाडीची, वापरून फेकून देण्याजोगी चौकट बसवली जाऊ लागली. तिचे काम यंत्र वाचवणे एवढेच होते, आणि ते ती चोख करत असे. पुढे घरभर हवा नेणाऱ्या त्याच नळ्यांतून उन्हाळ्यात थंड हवा फिरू लागली, तेव्हा तीच चौकट थंड कॉइलचीही, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याचीही, राखण करू लागली.

आपल्याकडची वाट वेगळी होती. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली गार करण्याची रीत वीज येण्याच्या कितीतरी आधीची. पंखा, पाण्याचा पंप आणि लाकडाच्या लांब तंतूंची (वूड वूलची) गादी असलेला कूलर मात्र १९३०च्या दशकात ॲरिझोनाच्या वाळवंटी शहरांत रुळलेल्या यंत्राचाच भाऊबंद आहे. एप्रिल-मेच्या दुपारी नागपूरची हवा इतकी कोरडी असते की हे यंत्र इथे तिथल्यासारखेच चालते, आणि पावसाळा लागला की तितक्याच खात्रीने निरुपयोगी ठरते. कूलरमध्ये वेगळा फिल्टर नसतो. ओली वूड वूल किंवा अलीकडची मधमाशीच्या पोळ्यासारखी कागदी हनीकोम्ब गादीच गाळण्याचे कामही उरकते. अडलेली धूळ पाण्याबरोबर टाकीत उतरते, तळाशी चिखल होतो, टिल्लू पंपाचे तोंड बुजते, आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार गादीवर पांढरा थर चढवतो. गादी दर हंगामात बदलायची आणि टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची, हे इथल्या घरांना डासांच्या धास्तीमुळे का होईना ठाऊक आहे. एसीच्या जाळीबाबत असा सराव पडला नाही, याचे एक कारण मला असे वाटते की कूलरची घाण दिसते आणि वासही देते, एसीची पांढऱ्या झाकणाआड राहते.

फिल्टरच्या निवडीत सर्वांत जास्त गोंधळ ‘टक्के’ या एका शब्दाने घातला आहे, म्हणून त्याला येथे जरा अधिक जागा देणे भाग आहे. एखादी जाळी ९० टक्के धूळ अडवते असे म्हटले, तर प्रश्न उरतो तो ९० टक्के कशाचे. सर्वांत जुनी मोजणी वजनाची. जाळीसमोर ठरावीक वजनाची कृत्रिम धूळ सोडायची, पलीकडे किती निसटली ते तोलायचे, आणि बाकीची अडली असे धरायचे. या परीक्षेसाठी अमेरिकेत रूढ झालेल्या धुळीचे प्रमाण ठरलेले आहे. वजनाने ७२ टक्के ॲरिझोनातील बारीक माती, २३ टक्के काजळी आणि ५ टक्के दळलेला कापसाचा तंतू. जाळी बुजवण्यात तंतूचा हात मोठा असतो, हे कापसाच्या मुलखात कोणाला सांगायला नको. गंमत एवढीच की कूलरचे आणि परीक्षेच्या मातीचे माहेर एकच निघाले.

वजनाच्या मोजणीत खोट अशी की कणाचे वजन त्याच्या व्यासाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. १० मायक्रॉनचा एक कण तोलाने १ मायक्रॉनच्या एक हजार कणांइतका भरतो. मोठे कण अडवले की तराजूवर जवळपास सगळी धूळ अडल्यासारखी दिसते, मग बारीक कण बिनबोभाट पार का झालेले असेनात. यंत्राच्या दृष्टीने ही मोजणी चुकीची नव्हती, कारण कॉइल बुजवतात ते मोठे कण आणि तंतूच. घरमालकाला मात्र ‘९० टक्के’ हा आकडा हवेच्या शुद्धतेचा दाखला वाटत राहिला.

दुसरी मोजणी डागाची होती. जाळीच्या अलीकडची आणि पलीकडची हवा पांढऱ्या कागदातून ओढायची आणि कोणता कागद किती काळवंडला ते पाहायचे. बारीक काजळी डाग पाडण्यात पटाईत असल्याने ही परीक्षा बारीक कणांच्या बाबतीत अधिक प्रामाणिक ठरली. १९६८ मध्ये अमेरिकेतील या क्षेत्रातील अभियंत्यांच्या संघटनेने दोन्ही परीक्षा एकाच मानकात बसवल्या, आणि तिथून पुढे तीस वर्षे एकाच घडीदार जाळीला दोन टक्केवाऱ्या चिकटलेल्या राहिल्या. तीच जाळी वजनाने ९० टक्क्यांच्या वर आणि डागाने ३० टक्क्यांच्या आसपास असे. विकणारा यांतली कोणती सांगेल, हे वेगळे सांगायला नको.

१९९९ मध्ये त्याच संघटनेने तिसरी रीत आणली. ०.३ ते १० मायक्रॉनपर्यंतचे कण आकारानुसार गटांत विभागून जाळीच्या आधी आणि नंतर मोजायचे, जाळीवर टप्प्याटप्प्याने धूळ चढवत ही मोजणी पुन्हा पुन्हा करायची, आणि प्रत्येक गटातला सर्वांत वाईट निकाल हिशेबात धरायचा. त्यावरून १ ते १६ मधला एक अंक मिळतो, आणि ‘मिनिमम एफिशियन्सी रिपोर्टिंग व्हॅल्यू’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘मर्व’ म्हणतात. नावातला ‘मिनिमम’ महत्त्वाचा आहे, कारण साधी जाळी मळते तशी, धुळीच्या थरामुळे, अधिक बारीक गाळू लागते. नव्या जाळीचा निकालच बहुधा तिचा सर्वांत कमी निकाल असतो.

वाद उभा राहिला तो याच गृहीतकावर. स्थिर विद्युतभार दिलेल्या कृत्रिम तंतूंच्या जाळ्या नव्या असताना कणांना ओढून घेतात, पण घरातले बारीक कण बसत गेले की भार झाकला जातो आणि गाळण्याची ताकद उतरते. परीक्षेतली जाड धूळ ही घसरण नीट दाखवत नाही. म्हणून काही वर्षांनी भार उतरवून पुन्हा मोजण्याची एक रीत मानकाला जोडली गेली, परंतु ती ऐच्छिक ठेवली गेली. उत्पादकांच्या बाजूने असे सांगितले जाते की ती रीत वास्तवापेक्षा कठोर आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तरीही ज्या अंकाची सारी मातब्बरी ‘कमीत कमी’ या शब्दावर उभी होती, त्याची सर्वांत अवघड बाजू ऐच्छिक ठेवणे हा निर्णय मला आजही कच्चा वाटतो. दरम्यान एका दुकानसाखळीने आणि एका उत्पादकाने आपापल्या वेगळ्या मोजपट्ट्या काढल्या, आणि २०१६ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने पीएम १, पीएम २.५ आणि पीएम १० यांच्या भाषेत पुन्हा टक्के आणले. आपल्याकडच्या व्यवहारात तर फिल्टर नुसत्या ‘१० मायक्रॉन’, ‘५ मायक्रॉन’ अशा नावांनी विकले जातात. त्या आकाराचे किती कण अडतात हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो.

अंक जितका मोठा तितके चांगले, हा समज २०२० मध्ये आणखी घट्ट झाला. साथीच्या काळात त्याच अमेरिकी संघटनेने इमारतींसाठी मर्व १३ किंवा त्याहून वरच्या फिल्टरची शिफारस केली, मात्र यंत्रणा तो भार पेलू शकेल तिथेच. शिफारस दूरवर पोहोचली, अट मागे राहिली. घरगुती डक्टच्या, म्हणजे नळ्यांतून हवा खेळवणाऱ्या, यंत्रणेतला पंखा साधारणपणे पाण्याच्या अर्ध्या इंचाइतक्या, म्हणजे सुमारे १२५ पास्कल दाबासाठी आखलेला असतो, आणि इंचभर जाडीची दाट जाळी त्यातला मोठा वाटा एकटीच खाऊन टाकते. हवा कमी पडली की कॉइल गोठणबिंदूखाली उतरते, तिच्यावर बर्फ चढतो, आणि न उकळलेले शीतक (एसीतला ‘गॅस’) द्रवरूपात कॉम्प्रेसरकडे परतून त्याचा घात करू शकते. बारीक गाळण हवेच असेल तर उपाय असतो चार इंच जाडीच्या घडीदार फिल्टरचा, कारण घड्या वाढल्या की पृष्ठभाग वाढतो आणि अडथळा कमी होतो. त्यासाठी चौकटीला जागा मात्र हवी. नागपुरातल्या नव्या सदनिकांपैकी ज्यांच्या फॉल्स सीलिंगआड डक्टची यंत्रणा आहे, त्यांनी फिल्टर बदलण्याआधी ही जागा मोजून घ्यावी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडील अभियंत्यांच्या संघटनेने जी सूचना काढली, तिच्यात कूलरने बाहेरचीच हवा घ्यावी असे सांगितले होते, आणि खिडकीबाहेर कूलर टांगणाऱ्या नागपूरकरांना त्यात नवे काहीच नव्हते.

भिंतीवरच्या स्प्लिट एसीला यातले फारसे लागू पडत नाही. तिचा लांबट नळकांड्यासारखा पंखा अतिशय कमी दाबावर चालतो आणि तिची धुता येणारी प्लास्टिकची जाळी निव्वळ कॉइलच्या रक्षणासाठी आहे. तिला ‘मर्व’ अंक दिलाच जात नाही. आपल्याकडे एसीवरील ताऱ्यांची पट्टी २००६ मध्ये ऐच्छिक म्हणून आली, २०१० पासून सक्तीची झाली, आणि जानेवारी २०२० पासून नवा एसी २४ अंशांवरच सुरू होतो. मात्र हे तारे कोऱ्या यंत्राच्या, स्वच्छ जाळीच्या परीक्षेवरून मिळतात. इन्व्हर्टर एसीत तर मळलेली जाळी लवकर कळतही नाही, कारण यंत्र आपला वेग सावरत राहते आणि फरक वीजबिलात उतरतो.

‘पीएम २.५’ हा शब्द घराघरात पोहोचला तो २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांनी आणि त्याहूनही २०१५ मध्ये सुरू झालेल्या हवा गुणवत्ता निर्देशांकाने. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत नागपूरही आहे. कोराडी-खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रे, सिमेंट रस्ते आणि मेट्रोची कामे डोळ्यांसमोर असताना या शब्दाची धास्ती वाटणे स्वाभाविक होते, आणि बाजाराने ती अचूक हेरली. एसीच्या जाळीवर चिकटवायच्या पट्ट्यांवर ‘हेपा’ हे नावही दिसू लागले. हेपा हा १९४०च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पासाठी घडलेला फिल्टर, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो, आणि तो आकार घेतला जातो तो पकडायला सर्वांत अवघड म्हणून. एवढा दाट कागद स्प्लिट एसीचा पंखा ओढूच शकत नाही. पट्टी खरोखर दाट असेल तर ती कॉइलवर बर्फ आणते, आणि विरळ असेल तर नावापुरती उरते. श्वासासाठी स्वतंत्र एअर प्युरिफायर आणि यंत्रासाठी मूळ जाळी, ही विभागणी म्हणूनच अधिक सरळ आहे.

देखभालीबाबत बहुतेक माहितीपुस्तिका दोन आठवड्यांनी जाळी धुवायला सांगतात. रस्त्यालगतच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत ते आठवड्याला करावे लागते. जाळी कोमट पाण्याने उलट्या बाजूने धुवावी आणि सावलीत वाळवावी, कारण नागपूरच्या मेमधल्या उन्हात गच्चीवर टाकलेली प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग तिच्या कडेने धूळ थेट आत जाते. डिसेंबरात ‘हॉट अँड कोल्ड’ एसी गरम हवेसाठी लावणाऱ्यांनीही हेच पाळायचे असते. तेव्हा आतली कॉइल उष्णता सोडत असते आणि हवा अडली की दाब चढून यंत्र आपोआप बंद पडते. बाहेरच्या युनिटला तर जाळीच नसते. काटेसावरीची बोंडे फुटली की त्यांचा कापूस त्या युनिटच्या पत्र्यांत अडकून नमद्यासारखा थर धरतो, आणि कारागिराने आतली जाळी कितीही चोख धुतली तरी तो थर पाण्याच्या फवाऱ्याने काढल्याशिवाय ‘गॅस संपला’ ही तक्रार मिटत नाही.