आमदाराचे पत्र कार्यअहवाल कसे झाले : पार्श्वभूमी

अधिवेशन संपले की मतदारसंघात दोन प्रकारचे कागद फिरतात. एक गुळगुळीत आणि रंगीत : मुखपृष्ठावर हात जोडलेला फोटो, आत रस्ते, गटारे, सभामंडप यांची यादी आणि प्रत्येक कामापुढे लाखांतला आकडा. हा कार्यअहवाल. दुसरा एकरंगी, साधा. त्यात आमदार चालू घडामोडींवर स्वतःचे म्हणणे मांडतो : सभागृहात काय विचारले, सरकारने काय सांगितले, पाणीपट्टी कोणत्या ठरावाने वाढली, नव्या कायद्यात नागरिकाने कुठे अर्ज करायचा. पहिला प्रकार मुबलक आहे. दुसरा शोधावा लागतो. त्याचे कारण विचारले तर लोकप्रतिनिधींचा आळस, असे उत्तर मिळते. सभागृहाच्या भाषेत सांगायचे तर हे अंशतः खरे आहे.

मतदारांना नियमित लिहिण्याची चाल जुनी आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील हल शहराचा एक खासदार, जो आज कवी म्हणून अधिक परिचित आहे, लंडनहून आपल्या नगरपालिकेला सतत पत्रे लिहीत असे. त्यातली सुमारे तीनशे टिकली आहेत. शहर त्याला अधिवेशनकाळात दिवसाला ६ शिलिंग ८ पेन्स देई, म्हणजे पत्र हा पगाराचा हिशेबही होता. खासदारांच्या सहीवर टपाल फुकट जाई; ती सोय तिथे १८४० मध्ये बंद झाली. अमेरिकेने मात्र ती १८७३ नंतरची काही वर्षे सोडता चालू ठेवली. तिथे १७९७ मध्ये रिचमंडच्या ग्रँड ज्युरीने (खटला चालवण्याजोगा आरोप आहे का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) व्हर्जिनियाच्या एका सदस्याच्या अशाच परिपत्रकाला सरकारविरुद्ध अप्रीती पसरवणारे ठरवले, आणि मतदार व प्रतिनिधी यांच्यातल्या पत्रव्यवहारात न्यायालयाने पडावे का, यावर मोठा वाद झाला. तो वाद पुढे भारतातही आला, वेगळ्या कपड्यांत.

मुंबई इलाख्याची कायदे कौन्सिल २२ जानेवारी १८६२ रोजी पहिल्यांदा भरली तेव्हा तिच्यात मतदारच नव्हते, मग पत्र कोणाला? प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा मर्यादित हक्क १८९२ च्या कायद्याने आला. त्यानंतर निवडून गेलेल्या मराठी सदस्यांपैकी एकाच्या हाताशी स्वतःचे वृत्तपत्रच होते, त्यामुळे वेगळ्या पत्राची गरज नव्हती. मतदारसंघ खऱ्या अर्थाने मोठा झाला तो स्वातंत्र्यानंतर, आणि अडचणही तेव्हाच सुरू झाली.

अडचणीचे मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ च्या दुसऱ्या खंडात आहे. आमदार विधानमंडळात किंवा समितीत जे बोलेल त्याबद्दल त्याच्यावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही, हा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा भाग फारसे कोणी वाचत नाही. अहवाल, कागदपत्रे आणि कामकाज छापण्याला संरक्षण आहे, पण सभागृहाने स्वतः किंवा सभागृहाच्या अधिकाराने छापले तरच. हा शब्दप्रयोग इंग्लंडमधून आला आहे. सभागृहाने छापवलेल्या एका अहवालावरून १८३९ मध्ये तिथल्या न्यायालयाने छापणाऱ्याला बदनामीबद्दल जबाबदार ठरवले, तेव्हा पुढच्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून सभागृहाच्या हुकमाने छापलेल्या कागदांना कवच दिले. एकट्या सदस्याने स्वतःच्या जबाबदारीवर छापलेला कागद त्यात नव्हता. १८१३ मध्येच लिव्हरपूलच्या एका वृत्तपत्राला आपल्या भाषणाची दुरुस्त प्रत पाठवणाऱ्या खासदाराला १०० पौंड दंड झाला होता. गंमत म्हणजे वृत्तपत्रांत चुकीचा वृत्तांत आला, म्हणूनच त्याने ती पाठवली होती.

आपल्याकडे हाच प्रश्न पश्चिम बंगालमधून सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या निकालावर इथे जरा थांबले पाहिजे, कारण आमदारांच्या लेखनाबद्दल तो आजही पायाभूत आहे आणि त्याचा अर्थ सर्रास चुकीचा लावला जातो.

१९५४ मध्ये तिथल्या एका आमदाराने उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल काही प्रश्नांची सूचना दिली. अध्यक्षांनी नियमांनुसार ते प्रश्न अस्वीकृत केले. आमदाराने तेच प्रश्न एका स्थानिक नियतकालिकात छापून आणले. अधिकाऱ्याने बदनामीची फौजदारी तक्रार केली. आमदाराचे म्हणणे असे की प्रश्न विचारणे हे माझे विधानमंडळातले काम, ते मतदारांना कळवणे हा त्याच कामाचा भाग, म्हणून मला विशेषाधिकार आहे. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. संरक्षण आहे ते विधानमंडळात उच्चारलेल्या शब्दाला. अस्वीकृत प्रश्न तिथे उच्चारलाच गेला नाही, आणि नियतकालिक सभागृहाच्या अधिकाराने निघत नव्हते. तेव्हा आमदाराला इतर कोणत्याही नागरिकाप्रमाणे दंडसंहितेतल्या बदनामीच्या कलमाला जोडलेल्या अपवादांवरच बचाव उभा करावा लागेल.

या निकालाने मतदारांना पत्र लिहिण्याला बंदी घातली, असे जे सांगितले जाते ते चूक. न्यायालयाने फक्त संपूर्ण संरक्षण नाकारले. सद्भावनेचा, लोकहिताचा बचाव शिल्लक आहे. पण व्यवहारात फरक मोठा पडतो. संपूर्ण संरक्षण असते तर तक्रार दारातच संपली असती. अपवादावर लढायचे म्हणजे समन्स, जामीन, तारखा आणि शेवटी सिद्ध करण्याचा भार स्वतःवर. नुसते खरे असून भागत नाही. पहिल्या अपवादात खरेपणा आणि लोकहित दोन्ही लागतात. चौथा अपवाद खऱ्या वृत्तांताला वाचवतो, पण तो न्यायालयांच्या कामकाजाच्या वृत्तांताला. विधानमंडळाचे नाव त्यात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू झाले तरी ही मांडणी तशीच आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा आता नव्याने सामुदायिक सेवा. छापणाऱ्यालाही वेगळी शिक्षा आहे, म्हणून प्रेसचालक अशा मजकुरावर आधी नजर टाकतो आणि मग कागद मागवतो.

आता तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, घडण पाहा, म्हणजे धोका नेमका कुठे आहे ते दिसेल. प्रश्न असा छापला जातो : “(१) अमुक तालुक्यात अमुक कामात गैरव्यवहार झाल्याचे माहे जूनमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” समोरच्या रकान्यात उत्तर : “(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.” किंवा सगळ्यांचे आवडते “अंशतः खरे आहे.” पत्रकात जागा वाचवण्यासाठी फक्त डावा रकाना छापला, की आरोप उरतो आणि उत्तर गळते. प्रश्नचिन्ह वाचवत नाही. पर्यायाच्या रूपात किंवा उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे कलमातले स्पष्टीकरणच सांगते. म्हणून जाणते स्वीय सहायक चार गोष्टी पाळतात : प्रश्न स्वीकृत होऊन यादीत आला तरच छापायचा, प्रश्नक्रमांक आणि तारीख द्यायची, उत्तर पूर्ण आणि त्याच पानावर ठेवायचे, अधिकाऱ्याचे नाव न घालता पदनाम लिहायचे. नियम १०५ खालची लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) असेल तर मंत्र्यांचे छापील निवेदन जोडायचे. नुसती सूचना दिली होती, चर्चेला आली नाही, तर तसे लिहायचे. ‘लक्षवेधी मांडली’ आणि ‘लक्षवेधी दिली’ यांत एका शब्दाचा फरक आहे आणि अहवालांमध्ये सर्वाधिक लबाडी इथेच होते.

दुसरा निकाल याच काळातला. १९५७ मध्ये बिहारच्या एका दैनिकाने आमदाराचे भाषण छापताना कामकाजातून काढून टाकलेला भागही छापला. तो सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मानले. म्हणजे आमदाराला दोन्हीकडून पाहावे लागते : जे बोललो ते छापले तर बदनामी, जे काढून टाकले ते छापले तर हक्कभंग. कामकाजाच्या असुधारित, म्हणजे अजून न तपासलेल्या, प्रतीवरून मजकूर उचलला तर दुसरी चूक सहज होते.

वृत्तपत्रांची वाट मात्र पुढे मोकळी झाली. संसदेच्या कामकाजाच्या वृत्तांताला १९५६ च्या कायद्याने संरक्षण मिळाले, आणीबाणीत डिसेंबर १९७५ मध्ये ते काढले गेले, १९७७ मध्ये परत आले आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-क म्हणून घटनेतच बसले. तेव्हापासून राज्य विधानमंडळेही त्यात आली. परिणाम विचित्र आहे. आमदाराचे भाषण दैनिकाने द्वेषभावना न ठेवता जसेच्या तसे छापले तर दैनिक सुरक्षित. तेच भाषण त्याच आमदाराने चौपानी पत्रकात छापले तर ते वृत्तपत्र नाही, म्हणून ते कवच नाही.

मग पत्रकालाच वृत्तपत्र का करू नये? इथे ‘नियमित’ हा शब्द आड येतो. वृत्तपत्रांच्या नोंदणीसाठी असलेल्या १८६७ च्या कायद्याची व्याख्या सोपी होती : सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचे भाष्य असलेले, ठरावीक काळाने निघणारे छापील प्रकाशन म्हणजे वृत्तपत्र. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात अशा प्रकाशनाला ‘नियतकालिक’ म्हटले आहे आणि ‘वृत्तपत्र’ म्हणजे त्यातले दररोज किंवा निदान आठवड्याला निघणारे; पण नोंदणी दोघांनाही लागते आणि गाभा हाच आहे. अर्ज ऑनलाइन झाला. दर महिन्याला चालू घडामोडींवर चिंतन छापणारा आमदार या व्याख्येत अगदी चपखल बसतो. शीर्षकाची पडताळणी, प्रकाशक, मुद्रक, वार्षिक विवरणपत्र हे सगळे आले. वर्षातून एकदा निघणाऱ्या कामांच्या पुस्तिकेत बातमी नसते, भाष्यही नसते. कार्यअहवाल हा आकार सोयीचा ठरला त्यात या व्याख्येचा वाटा आहे, असे माझे मत. ‘वर्ष २, अंक ३’ असे मथळ्यावर हौसेने छापणाऱ्यांना त्याचा अर्थ बहुधा ठाऊक नसतो.

अर्थात यादी छापायला यादी असावी लागते. खासदार निधी २३ डिसेंबर १९९३ रोजी जाहीर झाला. पहिल्या वर्षी ५ लाख, पुढे १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी, २०११-१२ पासून ५ कोटी. महाराष्ट्रातला आमदार निधी २०२० पर्यंत २ कोटी होता, मग दोन-तीन अर्थसंकल्पांत तो ५ कोटींवर गेला. निधी आल्यावर कायदा करणारा माणूस कामे आणणारा झाला आणि मजकुराचा प्रश्न सुटला. सभामंडपाने बदनामी होत नाही.

टपालाचे गणितही त्याच बाजूने आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुमारे ९.७० कोटी मतदार आणि २८८ मतदारसंघ, म्हणजे सरासरी ३ लाख ३७ हजार. घरटी चार मतदार धरले तर ८४ हजार घरे. २० ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला ५ रुपये, म्हणजे एका फेरीला ४ लाख २० हजार फक्त तिकिटांचे. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) ए-४ कागद ४.४ ग्रॅमचा, त्यामुळे पाकिटासह तीनच पाने बसतात. ९० जीएसएमची ए-५ आकारातली सोळा पानी पुस्तिका पाकिटाशिवायच २२ ग्रॅमच्या वर जाते. म्हणून अहवाल पोस्टाने न जाता कार्यकर्त्यांच्या हातून जातो, आणि तो कोणत्या गल्लीत पोचतो हे कार्यकर्ता ठरवतो. विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत मतदार कमी आणि पत्ते ठरलेले, तिथे पत्राची सवय जास्त टिकली. शिक्षक आमदाराचे शासन निर्णय समजावणारे पत्रक शाळेच्या सूचनाफलकावर लागते आणि खरेच वाचले जाते.

निवडणूक जवळ आली की कागदाची जात बदलते. उमेदवाराला लाभ व्हावा म्हणून वाटलेल्या छापील पत्रकाला लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क लागते : दर्शनी भागावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता, दोन ओळखीच्या व्यक्तींनी साक्षांकित केलेले प्रकाशकाचे घोषणापत्र दोन प्रतींत, आणि छापल्यावर एक प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे (राज्याच्या राजधानीत छापले तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे). चुकले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खर्च मात्र कलम ७७ नुसार उमेदवारी अर्जाच्या दिवसापासूनच मोजला जातो. विधानसभेची मर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे. त्यामुळे बहुतेक अहवाल आचारसंहितेच्या आधीच्या महिन्यात प्रेसवर चढतात. गठ्ठे गोदामात राहिले आणि अर्ज भरल्यावर वाटले गेले, तर तेच पत्रक खर्चात धरले जाते आणि मुद्रकाची ओळ नसेल तर गुन्हाही होतो.

आता पत्राची जागा मोबाइलने घेतली आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने आमदाराच्या कार्यालयाचा क्रमांक साठवला असेल त्यालाच निरोप पोचतो. मतदार यादीत मोबाइल क्रमांक नसतात, म्हणून याद्या लग्नपत्रिका, वाढदिवस आणि दाखल्यांच्या अर्जांतून जमवलेल्या असतात. भाषणाची चित्रफीत थेट प्रक्षेपणातून कापली जाते, दहा मिनिटांत गटावर येते. अध्यक्षांनी एखादा शब्द कामकाजातून काढून टाकला तर तो निर्णय नंतर येतो, आणि तोवर शब्द तीन तालुक्यांत ऐकला गेलेला असतो. अशा वेळी कार्यालयाने करायचे काम साधे : दिवसाचे कामकाज संपेपर्यंत फीत रोखायची, काढून टाकलेला भाग कापायचा आणि फीत आधीच गेली असेल तर ती सगळ्यांसाठी डिलीट करायची. पुढे पाठवलेल्या प्रती मात्र तशाच फिरत राहतात.