शिशाची खिडकी आणि तांब्याचा दिवा

चर्चची रंगीत खिडकी आणि फुलापानांचा टिफनी दिवा, दोन्हींना आपण सरसकट ‘स्टेन्ड ग्लास’ म्हणून मोकळे होतो. दोन्हींत रंगीत काचेचे तुकडे आणि मध्ये काळपट रेघा. वेगळेपण त्या रेघांतच आहे.

खिडकीतली रेघ म्हणजे दोन्ही बाजूंना खाच असलेली शिशाची पट्टी. खाचांत काचा बसवायच्या, पट्ट्या जिथे मिळतात तिथे डाग द्यायचा (म्हणजे सोल्डर, वितळवलेला धातू, लावून जोड पक्का करायचा), फटींत लांबी म्हणजे पुट्टी भरायची. चेहरा, कपड्याच्या चुण्या असलं बारीक काम काचेवर रंगवून भट्टीत भाजतात. मुंबईत राजाबाई टॉवरच्या जुन्या रंगीत खिडक्यांचं जतनकाम स्वाती चंदगडकर यांनी केलं आहे.

दिव्याला शिसं चालत नाही. नखाएवढे तुकडे त्या जाड पट्टीत बसत नाहीत, घुमटाची गोलाई तर त्याहून अवघड. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची कागदासारखी पातळ पट्टी गुंडाळतात, तुकडे साच्यावर मांडतात आणि सगळे सांधे सलग सोल्डरने भरतात. रंगवण्याचं काम इथे जवळपास नाहीच. पाकळीची छटा दुधी, ढगाळ काचेतच हुडकावी लागते. काचेच्या तावाचा नेमका कोणता कोपरा कापायचा हे ज्याला कळलं, चित्र त्याचं.

खरं तर ‘तिचं’ म्हणायला हवं. न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओत काच निवडणं, कापणं, तांबं गुंडाळणं ही कामं स्त्रियांच्या खात्याकडे होती, सोल्डरिंग पुरुषांकडे. खात्याची प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल. तिच्या विस्टेरिया (फुलांच्या एका वेलीच्या नावाच्या) दिव्यात सुमारे २००० तुकडे आहेत. या मुली खिडक्यांच्याही काचा कापत, आणि तेच पुरुष कारागिरांना खुपलं. १९०३ साली त्यांच्या युनियनने संपाचा इशारा दिला. तडजोडीत मुलींची संख्या २७ वर बांधली गेली. लग्न झालं की नोकरी सुटायची, हा नियम वेगळाच.

दिवे विकले गेले ते स्टुडिओचा मालक लुई टिफनीच्या नावावर. क्लाराने घरी लिहिलेली पत्रं अभ्यासकांच्या हाती लागली, तेव्हा कुठे २००७च्या प्रदर्शनात तिच्या डिझाइन्सचं श्रेय तिला जाहीरपणे मिळालं.

आज ‘टिफनी’ हे या पद्धतीचंच नाव झालंय, त्यामुळे दुकानातल्या पाटीवर विसंबू नका. रेघेवरून बोट फिरवा. सगळीकडे सारख्या रुंदीची आणि फक्त जोडाशी डाग दिलेली असेल तर शिसं. बारीक, फुगीर आणि कुठेही न तुटणारी असेल तर आत तांबं आहे.